थंडीवर ढकललेली गाडी

गाडीचं बॉनेट उघडलं की आमच्या गावात माणसं कुठून उगवतात, हे मला अजून कळलेलं नाही. एरवी सासूबाईंना धरून गाडीत बसवायचं असलं तर एक हात पुढे येत नसे. बॉनेट वर गेलं की मात्र पाच मिनिटांत चार जण कमरेवर हात ठेवून हजर. आत वाकून बघायचं, मान हलवायची, एखादी वायर उगाच दाबून बघायची आणि म्हणायचं, "बॅटरी." त्या चौघांपैकी एकाकडेही चारचाकी नव्हती.

आमचं गाव भिवपुरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. सासूबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार असं खोपोलीला डायलिसिस ठरलं. सकाळी सातची वेळ. म्हणजे सहाला घर सोडायचं, कर्जत ओलांडायचं आणि पळसदरीवरून खोपोली गाठायची. चार तास त्या मशिनवर, मग परत. घरातल्या कुणीतरी नोकरी सोडायला हवी होती. ते कुणीतरी कोण, हे मला न विचारताच ठरलं होतं. मी खोपोलीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं नमुने तपासत होते. नवरा दुसऱ्या कारखान्यात पाळीवर होता. त्याची ती नोकरी; माझं म्हणजे 'जाते कुठेतरी'. मी राजीनामा दिला त्या दिवशी थोरले दीर म्हणाले, "बरं झालं, आता घराकडं लक्ष राहील." त्यांचं स्वतःचं लक्ष कधी होतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी अजून विचारत नव्हते.

थोरले दीर शेजारच्याच घरात राहतात. निवृत्त होईपर्यंत ते एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे ते नेमकं काय करायचे मला माहीत नाही, पण बघायचे हे नक्की, कारण घरीही ते फक्त बघतात. आईला मंगळवारी नेताना बघतात, शुक्रवारी आणताना बघतात.

गाडी जुनी, डिझेलवरची, सेकंडहॅन्ड घेतलेली. आमचं अंगण चढावर आहे. रस्त्यावरून गाडी सरळ वर चढवायची आणि नाक घराकडे करून उभी करायची, अशी पहिल्यापासूनची पद्धत. दिवाळीच्या आधी शिळफाट्यावरच्या एका गॅरेजमध्ये तिची सर्व्हिसिंग केली. ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती सकाळची अडायला लागली. किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरायचा, घर्र घर्र घर्र, पण इंजिन काही पकडायचं नाही. सात-आठदा सेल्फ मारल्यावर कुठे खोकल्यासारखं करून, अंग झाडत सुरू व्हायची. एकदा सुरू झाली की दिवसभर बिनबोभाट. दुपारी खोपोलीतून निघताना तर किल्लीला हात लावायचा अवकाश.

दिरांनी अंगणात उभं राहून निकाल दिला. "थंडी हाय. थंडीत डिझेल गाडी अशीच करती. बॅटरी उतरलीय, नवी टाक."

मी म्हटलं, "दादा, बॅटरी उतरली असती तर सेल्फ एवढा जोरात फिरला नसता."

"तुला काय कळतंय गं त्यातलं? पस्तीस वर्षं मशिनी बघितल्यात मी."

नवरा म्हणाला, "दादा म्हणतोय तर टाकू या."

शिळफाट्याच्या गॅरेजच्या मालकाला काचेची केबिन होती आणि करंगळीत गाड्यांच्या चाव्या फिरवायची सवय होती. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर तो नवऱ्याला द्यायचा. नवरा बरोबर नसला की विचारायचा, "साहेब नाही आले?" साहेबांना गाडीत डिझेल कुठून घालतात एवढंच ठाऊक होतं. पण मालकाला साहेब हवे होते. सकाळी अडते, दुपारी अडत नाही, सेल्फ जोरात फिरतो, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, सकाळी थंडी असते ना." जणू मला सकाळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

बॅटरी बदलली. पुढच्या मंगळवारी गाडीने नव्या बॅटरीवर, आणखी जोरात, तेच केलं.

मग हीटर. डिझेल इंजिनमध्ये सकाळी आतली हवा तापवायला छोटे प्लग असतात, त्यांना गॅरेजवाले हीटर म्हणतात. ते गेले असणार, असं मालकाने केबिनमध्ये बसूनच ओळखलं. चारही बदलले. जुने तपासून बघितले का, असं मी विचारलं. "आता काढलेच आहेत, तर काय तपासायचं?" प्रयोगशाळेत मी असं बोलले असते तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला. इथे याच वाक्यावर माणूस गॅरेज चालवत होता.

शुक्रवारी पुन्हा तेच. आता तिसरं निदान आलं, ते मालक आणि दीर दोघांचं मिळून, फोनवर. मी घाई करते. बायका किल्ली लावली की लगेच फिरवतात, जरा थांबायचं असतं. दिरांनी मला स्वतः दाखवलं. माझ्या सीटवर बसले, किल्ली अर्धी फिरवली, डोळे मिटून थांबले, देवाला हात जोडतात तसे, आणि मग सेल्फ मारला. अकरा वेळा. बाराव्या वेळी सुरू झाली. खाली उतरून म्हणाले, "बघ. अशी करायची."

सासूबाई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. वाटेत पळसदरीच्या पुढे त्या एवढंच बोलल्या. "याला घरचा नळ बसवता आला नाय कधी. सात वर्षं गळत व्हता."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी गाडी सुरूच झाली नाही. दहा वेळा, वीस वेळा. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. शेवटी सेल्फ मरगळला, टक टक करून थांबला. वीस-पंचवीस वेळा सेल्फ मारल्यावर कुठलीही बॅटरी उतरणारच. पण दीर लुंगी आवळत आले, तो टक टक आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ! म्हटलं नव्हतं? बॅटरी!"

त्या क्षणी त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे आलं ते पुसायला मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला. ते पुसलं गेलेलं नाही. आई मागे बसलेली आहे, तिची वेळ चुकतेय, आणि याला आनंद झालाय की आपलं खरं ठरलं. तेही ठरलेलं नव्हतं.

चार जण जमले. गाडी उताराने रस्त्यावर आणून ढकलून बघितली. मी घरात जाऊन नवऱ्याला उठवलं. तो रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. त्याने उशीतून तोंड न काढता म्हटलं, "दादा आहे ना तिथं? त्याला विचार." मी बाहेर गेले.

रिक्षा मिळेपर्यंत आठ वाजून गेले होते. सेंटरमधल्या बाईने फोनवर समजुतीने सांगितलं की त्या मशिनवर आता दुसरा पेशंट घेतलाय, शनिवारी दुपारी रिकामी आहे, तेव्हा या. मी दिवसभर सासूबाईंना पाणी मोजून दिलं. शनिवारी पहाटे त्यांना आडवं होता येईना. उशीला उशी लावून बसवलं तरी श्वासाची घरघर ऐकू येत होती. गावातल्या एकाचा भाजीचा टेंपो बाजारात निघाला होता. त्याने काही न विचारता मागच्या रिकाम्या पाट्या उतरवल्या, त्यांना पुढे बसवलं, मला मागे घेतलं आणि थेट पनवेलच्या हॉस्पिटलात आणून सोडलं. त्या सगळ्या दिवसांत मला मदत करून वर सल्ला न देणारा तो एकच माणूस. छातीत पाणी भरलं होतं. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले.

दुसऱ्या दिवशी दीर बघायला आले. काचेतून आत बघितलं. बाहेर बाकावर बसून म्हणाले, "मी म्हणतच व्हतो, ही गाडी इकून टाका." मग नवऱ्याला घेऊन चहाला गेले. नवरा चारही दिवस हॉस्पिटलात होता, पण व्हरांड्यात. एकदाही आत गेला नाही. नर्स बोलवायला आली की माझ्याकडे बघायचा.

घरी आणल्यावर सासूबाई दोन दिवस नुसत्या पडून होत्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला.

"पोरी, तू कारखान्यात काय करायचीस गं?"

"नमुने तपासायचे, आई."

"म्हंजे?"

"म्हणजे मालात काही बिघाड असला तर तो कशामुळे, ते शोधायचं."

"मंग हिला तपास की," त्या खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाल्या. "या बापयांच्या नादाला का लागलीस?"

मला माझीच लाज वाटली. अकरा वर्षं मी ज्या गोष्टीचा पगार घेतला ती गोष्ट मी स्वतःच्या अंगणात करत नव्हते. दिरांची मला चीड येत होती, मालकाची येत होती. पण त्यांनी बॅटरी म्हटलं की मी बॅटरी आणत होते, हीटर म्हटलं की हीटर. त्यांना मूर्ख म्हणायचं आणि त्यांचंच ऐकायचं, तर मग मी कोण होते?

एक जुनी वही काढली. रोज सकाळी, डायलिसिस असो नसो, गाडी सुरू करून बघायची आणि लिहायचं. किती वाजता, हवा कशी, किती तास उभी होती, कितव्या वेळी सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम. सासूबाई खिडकीशी बसून सेल्फ मोजायच्या. मी आत आले की विचारायच्या आधीच सांगायच्या, "नऊ."

पहिल्याच आठवड्यात थंडी निकालात निघाली. एक दिवस आभाळ भरून आलं, रात्रभर उकडत होतं, पांघरूण नको झालं. त्या सकाळीही गाडीने दहा सेल्फ खाल्ले. दिरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ही थंडी दिसत नाय, आतून असते."

मग माझ्या भाचीचा साखरपुडा आला. माझं माहेर खालापूरच्या बाजूला आहे. शनिवारी गेले, रात्री राहिले. माहेरच्या घरासमोर जागा नव्हती, म्हणून गाडी उताराच्या गल्लीतच लावली होती, तोंड खाली मोठ्या रस्त्याकडे करून. रविवारी सकाळी अशी थंडी होती की टाकीतलं पाणी हाताला चावत होतं. काचेवर दव साचलेलं. मी मनाची तयारी करून किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. खोकली नाही, थरथरली नाही.

मी तशीच बसून राहिले. बहीण चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काय गं, काय झालं?"

"सुरू झाली."

"मग रडतेस कशाला?"

मी रडत नव्हते. पण तिला तसं वाटलं खरं.

घरी परत येताना सगळा वेळ मी तेच घोळवत होते. तीच गाडी, तीच बॅटरी, रात्रभर उभी, थंडी उलट जास्त. बदललं काय? गाडीचं नाक. आमच्या अंगणात नाक वर असतं, माहेरी खाली होतं. डिझेलची टाकी मागे, इंजिन पुढे. आमच्याकडे रात्रभर टाकी खाली आणि इंजिन वर. म्हणजे नळीतलं डिझेल रात्रभर मागे उतरत असणार, आणि सकाळी सेल्फ नुसता कोरडा फिरत असणार, टाकीपासून इंजिनपर्यंत डिझेल पुन्हा ओढून आणेपर्यंत.

पण नळी बंद असेल तर डिझेल उतरणार कसं? हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या नळीत द्रव ओढून घ्यायचो आणि वरच्या तोंडावर बोट ठेवायचो. बोट आहे तोवर थेंब पडत नाही. बोट जरा सैल केलं, वरून हवा शिरली, की सगळं खाली. तेव्हा वर कुठेतरी हवा शिरत होती. डिझेल बाहेर गळेल एवढं मोठं भोक नव्हतं. हवा आत जाईल एवढं पुरेसं होतं.

सोमवारी सकाळी मी नवऱ्याला अंगणात आणलं. त्याला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी उकिडवी बसले. डिझेल आत जाऊन नुसतं पेटत नसलं, तर मागून पांढरा धूर यायला हवा. पाच सेल्फ झाले. धुराचा मागमूस नाही. म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं. बॅटरीचा आणि हीटरचा काहीही दोष नव्हता. दोन्ही उगाच बदलले होते.

मग मी बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत डिझेल फिल्टरच्या जवळ एक काळा रबरी फुगा आहे, तो दाबला की डिझेल हाताने पुढे ढकलता येतं. मी दाबला तर तो रिकाम्या पिशवीसारखा मऊ लागला. वीस-बावीस वेळा दाबल्यावर कडक झाला. "आता मार," मी म्हटलं. गाडी लगेच सुरू झाली.

नवरा खिडकीतून बघत म्हणाला, "अगं, तू काय केलंस?"

"दादांना विचार," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढच्या तीन रात्री मी गाडी उलटी लावली, रिव्हर्समध्ये चढवून, नाक रस्त्याकडे. तिन्ही सकाळी पहिल्या फटक्यात. सासूबाई खिडकीतून बोट वर करायच्या. चौथ्या रात्री पुन्हा नाक वर करून लावली. सकाळी आठ सेल्फ. आता संशयाला जागा राहिली नव्हती.

दिरांना मात्र यात एकच गोष्ट दिसली. "घराकडं पाठ करून गाडी लावतं का कोण? बरं दिसतं का ते? येणाराजाणारा काय म्हणंल?" त्यांच्या आईला श्वास घेता आला नव्हता त्या दिवशी येणाराजाणारा काय म्हणाला, ते त्यांना आठवत नव्हतं.

गाडी उलटी लावून काम भागलं असतं. पण हवा शिरते तर ती चालत्या गाडीतही एक दिवस जास्त शिरेल, आणि पळसदरीच्या पुढे मधेच बंद पडेल, हे मला दिसत होतं. म्हणून शुक्रवारी सासूबाईंना सेंटरवर सोडून मी गाडी शिळफाट्याला नेली.

"साहेब नाही आले?" मालकाने विचारलं.

"नाही. फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा पाइप काढा आणि त्या जागी पारदर्शक पाइपाचा तुकडा लावा. बुडबुडे येतात का बघायचंय."

मालकाने केबिनमधल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं आणि हसला. "मॅडम मोबाइलवर व्हिडिओ बघून आल्यात."

"व्हिडिओ नाही बघितला. तुम्ही दोनदा न बघता सामान बदललंत. आज बघून बदलायचं. पाइपाशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"मॅडम, कॉम्प्युटरला लावू ना गाडी. सगळं येतं त्यात."

"त्यात हवा येते का?"

त्याच्या करंगळीतल्या चाव्या फिरायच्या थांबल्या. उत्तर देण्याची लायकी आपल्यात नाही हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं, किंवा गिऱ्हाईक ऐकत होतं म्हणून. मागे पन्नाशीचे एक मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली पडून सगळं ऐकत होते. ते सरपटत बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "लावतो मी. दहा मिनिटांचं काम हाय." मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे आधी सुचलं नव्हतं का? ते म्हणाले, "ताई, मला कोण विचारतंय? चिठ्ठीवर बॅटरी लिवून येती, मी बॅटरी घालतो."

हे मला मालकाच्या हसण्यापेक्षाही जास्त लागलं. माहीत असलेला माणूस दहा फुटांवर होता आणि दोन महिने तो गप्प बसला होता.

पाइप लावला, गाडी सुरू केली. स्वच्छ पाइपातून डिझेल जाताना दिसत होतं, आणि त्यात बुडबुडे, बारीक, एकामागून एक, सोड्यासारखे. मिस्त्रींनी फिल्टर खोलला. झाकणाखाली रबराची रिंग असते. फिल्टर बदलला की जुनी काढून नवी बसवायची असते. आत दोन होत्या. जुनी खाली तशीच चिकटलेली आणि तिच्यावर नवी चढवलेली, एका बाजूला चिमटलेली. त्या फटीतून हवा जात होती. दिवाळीपासून.

फिल्टर याच गॅरेजने बदलला होता.

मिस्त्री एकच नवी रिंग बसवत होते तोवर मी मालकाला बाहेर बोलावलं आणि दोन्ही रिंगा त्याच्या तळहातावर ठेवल्या. "हे काय आहे?"

त्याने उलटसुलट करून बघितल्या. "होतं मॅडम कधी कधी. कामाच्या गडबडीत."

"माझी सासू चार दिवस अतिदक्षता विभागात होती."

"त्याला आम्ही काय करणार?" तो म्हणाला, रिंगा माझ्या हातात परत दिल्या आणि फोन आला म्हणून केबिनमध्ये गेला. मी घरी पोचायच्या आत त्याने नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या गाडीचा प्रॉब्लेम पकडला आम्ही." त्या गॅरेजात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मालकाला त्याने काही फरक पडला असेल असं वाटत नाही. बाहेर गाड्यांची रांग असायचीच.

परतीच्या वाटेवर मी सासूबाईंना ती रिंग दाखवली. डायलिसिस झालं की त्या थकून डोळे मिटून बसायच्या. त्या दिवशी डोळे उघडले, रिंग बोटात घालून बघितली. अंगठीपेक्षा बरीच मोठी होती.

"एवढ्याश्यापायी?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर गाडी सकाळी कधी अडली नाही, नाक वर असो की खाली. भाचीच्या लग्नात दीर पंगतीत बसून कुणाला तरी सांगत होते, "मी पयल्या दिवशीच म्हटलं, डिझेलची लाइन बघा. पण घरात ऐकतंय कोण?" मी मठ्ठा वाढत होते. त्यांच्या द्रोणात वाढला आणि पुढे गेले. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बोलू दे गं त्याला. दुसरं काय हाय त्याच्यापाशी?" त्या त्याची आई होत्या, त्यांना असं म्हणता आलं. मला जमलं नाही.

नवऱ्याबद्दलही मला तशीच चीड होती, फक्त ती सांगायला मला कुणी नव्हतं. मार्च महिन्यात मला ताप आला. अंथरुणातून उठवेना. शुक्रवार होता. दीर अंगणात येऊन म्हणाले, "एखादा दिवस चुकला तर काय व्हतंय?" तेव्हा नवरा घरातून बाहेर गेला आणि मी ऐकलं, तो भावाला म्हणाला, "दादा, तू घरी जा." एवढंच. लग्नाला बारा वर्षं झाली होती, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्याने आईला खोपोलीला नेलं. दुपारी आणलं. तिला पलंगावर नीट निजवलं आणि घरामागे गेला. मोरीजवळ त्याला उलट्या होताना मला ऐकू येत होतं. बराच वेळ. मग चूळ भरून माझ्याजवळ येऊन बसला.

"त्या दोन सुया," तो म्हणाला. "एवढ्या जाड. आणि नळ्यांतून सगळं रक्त बाहेर फिरतं तिचं. लाल. दिसतं ते."

"हो. दिसतं."

"तू दोन वर्षं बघतेयस."

मला त्याची दया आली असं नाही. रक्त बघवत नाही म्हणून दोन वर्षं उशीत तोंड खुपसून झोपलेला माणूस होता तो, आणि ते मी विसरणार नव्हते. पण एवढं कळलं की मी त्याला आळशी समजत होते आणि तो घाबरलेला होता. माझं ते निदान चुकलं होतं. मीही कधी नीट बघितलं नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी मीच नेतो," तो म्हणाला.

मला खरं वाटलं नाही. पण शुक्रवारी पावणेसहाला तो बूट घालून ओट्यावर बसला होता, चेहरा आधीच पांढरा पडलेला. मी किल्ली त्याच्या हातात दिली. मंगळवार माझा आणि शुक्रवार त्याचा, असं पुढे सव्वा वर्ष चाललं, सासूबाई गेल्या तोपर्यंत. त्याला उलट्या व्हायच्या थांबल्या त्या पहिल्या पावसाळ्यात. सासूबाई मला एकदा म्हणाल्या, तो तिथं सगळा वेळ भिंतीकडं तोंड करून बसतो, पण हात धरून बसतो.